आकृतीखालच्या ओळी

गिल आर्सेनोने माऊसची कळ दाबली, पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि मग अर्डिस ट्वेटला तिथे आपली आजी दिसली. खरं तर दिसला एका वंशावळीच्या आकृतीतला काळा गोल, त्याच्यावर तिरकी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक चौकोन. म्हणजे दोन नवरे. डावीकडचा पहिला, लग्नानंतर थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने गेलेला. उजवीकडचा दुसरा, अर्डिसचे आजोबा. खालच्या रांगेत मुलं. एकाच टोकातून फुटलेल्या दोन रेघांना दोन गोल, दोन्ही खोडलेले: त्या जुळ्या, ज्यांची नावं आजीने पुन्हा कधी तोंडातून काढली नाहीत. त्यांच्या शेजारी एक काळा चौकोन आणि त्याला बायकोशी जोडणारी दुहेरी रेघ. दुहेरी रेघ म्हणजे नात्यातलं लग्न, हे आज सकाळीच वर्गात सांगून झालं होतं. सेल्मरकाकाने आपल्या मामेबहिणीशी लग्न केलं होतं आणि त्यावर नॉर्बी गावाला आयुष्यभर पुरेल एवढी थट्टा मिळाली होती. अर्डिसच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती ती तशीच राहिली. आता पुढे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि बघितलं. सेल्मरकाकाच्या उजवीकडे आणखी एक काळा चौकोन, खोडलेला. बाबा. बाबांच्या खाली दोन गोल, दोघी बहिणी. उजवा गोल कोरा होता. डाव्या गोलाच्या मधोमध एक ठिपका होता.

"सापडलं की नाही?" गिल खुर्चीत मागे रेलत म्हणाला. "मी काय म्हणत होतो? सगळ्या वर्गात आपण पहिले. लिहा हो अर्डिसबाई, रोगाचं नाव लिहा. चालताना तोल जाण्याचा रोग. पुढचं अवघड नाव मी सांगतो, अक्षरं तुम्ही सांभाळा." गिल मेन प्रांतातल्या एका लहानशा इस्पितळाची लायब्ररी एकटा चालवायचा, आणि जन्मभर एकटा बसल्यामुळे की काय, शेजारी माणूस मिळालं की त्याच्या तोंडाला खळ नसायची. देशभरातून आलेले ते सगळेच इस्पितळांचे नि वैद्यकीय कॉलेजांचे ग्रंथपाल. आठवडाभर मेरीलँडमधल्या त्या खिडक्या नसलेल्या खोलीत बसून जनुकांच्या डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा ते शिकत होते. त्यांच्या उमेदीच्या काळात पुस्तकाला एक नाव असायचं, कपाटात त्याची एक जागा असायची. इथे एकेका जनुकाला चार-चार नावं होती आणि जागा म्हणून विचारलं तर लाखो अक्षरांमधला एखादा तुकडा. त्यांना शिकवणाऱ्या मेव्हिस पेटिफोर्ड या बाल्टिमोरच्या, जुन्या ग्रंथपाल, काळ्या, धिप्पाड, गळ्यात दोन चष्मे अडकवलेल्या. सकाळी त्यांनी प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी दिली होती आणि चिठ्ठीवर नुसती अक्षरांची माळ. ही माळ कोणाची, कोणत्या जनुकाची, त्यात बिघाड झाला तर काय होतं आणि ते पहिल्यांदा कोणी कुठे छापलं, एवढं शोधायचं. "घाबरायचं काही कारण नाही," मेव्हिसबाई म्हणाल्या होत्या, "ही अक्षरं कोणाला चावत नाहीत."

अर्डिसने रोगाचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने त्या वाकड्या अक्षराकडे बघितलं. बाबांचं पहिलं काय बिघडलं असेल तर ते अक्षर. आई म्हणायची, बिलं कोंबडीने लिहिल्यासारखी दिसतात हल्ली. नॉर्बीच्या मोठ्या रस्त्यावर बाबांचं केस कापायचं दुकान होतं, दाराशी लाल-पांढरा फिरता खांब, आत एकच खुर्ची. मग एका वर्षी बाबा पाय फाकवून चालायला लागले, बोटीत उभा राहिलेला माणूस चालेल तसे. गावात दारूला शिवणंसुद्धा पाप, सगळं गाव चर्चला जाणारं, त्यामुळे गावाने निदान ताबडतोब केलं. पाद्रीबुवा एका संध्याकाळी कॉफीला म्हणून आले आणि आईला बाजूला घेऊन विचारून गेले, की ऑडुन कधीपासून घेतोय. त्यानंतर बँकेच्या मॅनेजरच्या कानाला वस्तरा लागला. रक्त थोडंसंच आलं होतं, पण ते पांढऱ्या कापडावर पडलं आणि बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मॅनेजर म्हणाला, होतं असं, ऑडुन, होतं असं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जायला लागलं. नंतरची बरीच वर्षं बाबा बंद दुकानातल्या त्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत असायचे, कारण ती खुर्ची हातांची होती आणि जमिनीला पक्की होती. अर्डिस सुट्टीला आली की काचेतून हात करायची. बाबा हात करायचे तो हात भलत्याच दिशेला जायचा. बाबांना हा रोग लागला तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. अर्डिसला येत्या ऑगस्टमध्ये एकोणपन्नास वर्षं पूर्ण होणार होती.

ठिपका म्हणजे काय ते मेव्हिसबाईंनी सांगितलं होतं, आणि अर्डिसने ते नीट टिपूनही घेतलं होतं. चौकोन पुरुष, गोल बाई, काळा भरलेला म्हणजे आजारी, तिरकी रेघ म्हणजे गेलेला. आणि कोऱ्या आकृतीत नुसता ठिपका असेल तर माणूस आज धडधाकट आहे, पण दोष रक्तात आहे, पुढेमागे उगवणार. भावंडं डावीकडून उजवीकडे मांडायची, थोरलं आधी. थोरली अर्डिस, धाकटी व्हर्ना. म्हणजे पूर्वी तपासणीला दिलेलं ते रक्त. तिला तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खळीत, ती सुई आत्ता टोचल्यासारखी जाणवली. उन्हाळा होता, चर्चच्या तळघरात ट्वेट घराण्याचा मेळावा भरला होता, लांबलचक टेबलांवर भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश, हॅमचे सँडविच, लिंबाच्या वड्या, आणि कोपऱ्यात कॉफीचं ते मोठं भांडं. मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचा एक डॉक्टर आला होता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला. तो एकेकाला खुर्चीत बसवून नळ्या भरत होता आणि रांग लग्नघरात जेवायला उभी राहावी तशी हसत-खिदळत उभी होती. सेल्मरकाका तेव्हा काठी घेऊन चालायचा. तो म्हणाला, "डॉक्टर, आधी कॉफी घाला, मग रक्त काढा, नाहीतर नळीत नुसतं पाणी निघेल." डॉक्टरही हसला. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: तपासणी होईल तेव्हा होईल, त्याला वर्षं लागतील, पण ज्याला आपलं काय आलं ते हवं असेल त्याने मला लिहावं. ज्याला नको असेल त्याला माझ्याकडून कधी काही कळणार नाही. अर्डिसच्या मागे व्हर्ना होती, तेव्हा नुकती विशीतली, सुई बघवत नाही म्हणून तिने तोंड अर्डिसच्या खांद्यात खुपसलं होतं. नंतर दंडावर कापूस दाबून दोघींनी मिळून सगळ्यांना कॉफी वाढली.

अर्डिसने कधी लिहिलं नाही. तशी ती विसरून गेली होती असंही नाही. ते पत्र आपण अजून लिहिलेलं नाही हे ती रोज कुठेतरी जाणून असायची, दात दुखत नसतानाही जीभ तिथे जाते तसं. ती फार्गोला आली, इस्पितळाच्या लायब्ररीत लागली, आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देण्यात तिची हयात गेली. माणूस टेबलाशी येऊन विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, हे तिला फार लवकर कळलं. अशा वेळी घाई न करता, आवाज न चढवता विचारायचं: तुम्हाला नेमकं काय हवंय? नव्या मुलींना ती हेच शिकवायची, कुठलाही प्रश्न खुळा नसतो, लोकांना विचारू द्या. स्वतः मात्र तिने काही विचारलं नाही, पण उत्तर मिळाल्यासारखी जगली. ऑर्लिन नावाचा एक जमीन मोजणारा माणूस होता, शांत, लांब हातांचा. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती बघू म्हणाली, पुढच्या वर्षीही बघू म्हणाली, आणि मग तो बिस्मार्कला बदली करून निघून गेला. मुलं नकोत असं तिने कोणाला सांगितलं नाही. घर मात्र एकमजली घेतलं. लोकांना वाटलं, एकटी बाई, झेपेल एवढंच घेतलंय.

"अर्डिसबाई, तुम्ही पांढऱ्या पडलात," गिल म्हणाला. "न्याहारी केली नाहीत ना? मी बघितलं होतं. माझ्याकडे सफरचंद आहे." तिने सफरचंद घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर बोलावं लागलं असतं. मेव्हिसबाई पुढच्या बाकाशी उभ्या राहून कोणाला तरी समजावत होत्या: "हे बघा, इथे जो माहिती देतो तीच माहिती राहते. चुकीची असली तरी आपण हात लावायचा नाही. ज्याने दिली त्यानेच बदलायची. आपण इथे रखवालदार, मालक नाही." कोणीतरी हसलं. अर्डिसला पंख्याचा आवाज येत होता, यंत्रांचा येत होता, आणि त्याच्याखाली आणखी एक बारीक थरथर होती. ती यंत्रांची की आपल्या गुडघ्यांची ते तिला ठरवता येईना. सोमवारी हॉटेलात कॉफी सांडली होती. पेला गरम होता म्हणून सांडली, असं तेव्हा वाटलं होतं. काल मेट्रोच्या त्या न संपणाऱ्या सरकत्या जिन्यावर तिने कठडा धरला होता; सगळेच धरतात. पण सगळे एवढा घट्ट धरतात का? गेल्या हिवाळ्यात कपाटाच्या वरच्या फळीवरचा खंड काढताना हात चुकला होता, खंड पायावर पडला होता. एकेक गोष्ट मागून येऊन पुढे बसायला लागली, आणि प्रत्येकीच्या हातात पुरावा होता.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सगळे पुढे निघून जाईपर्यंत ती खुर्चीतच बसून राहिली. बाहेरची बोळवजा वाट लांब होती आणि फरशीत काळ्या पट्टीची एक सरळ रेघ होती. मागेपुढे कोणी नाही असं बघून तिने त्या रेघेवर एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावली. सेल्मरकाकाला डॉक्टर असंच चालायला लावायचे. चार-सहा पावलं नीट गेली. मग ती थोडी कलली आणि तिचा तळहात भिंतीवर गेला. भिंत गार होती. घाबरलेलं कोणीही माणूस रेघेवर कलेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. ती फिरून वर्गात गेली.

मेव्हिसबाई टेबलाशी एकट्या बसून डब्यातली कोंबडी हाताने खात होत्या. अर्डिस दारात थबकली. त्यांनी हातरुमालाने बोटं पुसली. "या. लाजू नका, मला एकटीला जेवायला आवडत नाही."

"एक विचारायचं होतं. माझं नाही. आमच्याकडे एक वाचक येतात," अर्डिस म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण काय केलं. हजार वेळा तिने हे टेबलाच्या पलीकडून ऐकलं होतं. माझ्या एका मैत्रिणीला हवंय. शेजाऱ्यांच्या मुलीबद्दल विचारतोय. हे वाक्य ज्याला कळत नाही तो ग्रंथपालच नव्हे.

मेव्हिसबाईंनी गळ्यातला एक चष्मा काढून दुसरा लावला. चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. "बरं. मग तुमच्या वाचकाला नेमकं काय हवंय?"

"त्यांना एका लेखात त्यांच्याच घराण्याची आकृती सापडली. नावं नाहीत, पण ओळखू येते. त्यात त्यांच्या जागी ठिपका आहे. तर ते खरं धरायचं का?"

"तुमच्या वाचकाने लेख वाचला का?"

"आकृती बघितली. मोठी करून."

"मी आकृतीचं नाही विचारलं हं, बाई. लेखाचं विचारलं. आकृतीखाली बारीक अक्षरात काही ओळी असतात, त्या वाचल्या?"

आकृती मोठी केली की खालचा मजकूर पडद्याबाहेर जातो. फार्गोतल्या तरण्या डॉक्टरांना हे ती सतत बजावायची, नुसतं चित्र बघून पळू नका, खालचं वाचा. तिच्या माघारी तिला तळटीपबाई म्हणायचे.

"अर्थ सांगणं आपलं काम नाही, ते मी तुम्हाला शिकवायला नको," मेव्हिसबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "पण पान पुरतं उघडून देणं आपलं काम आहे. तुम्ही उघडा ते पान. मी इथेच आहे, माझं जेवण व्हायचंय. आणि तुमच्या वाचकाला म्हणावं, ते एकटेच आहेत असं समजू नका."

अर्डिसने यंत्र चालू केलं. बोटं कळांवर घसरत होती. पान आलं, आकृती आली, तिने ती लहान केली आणि खाली सरकवली. अक्षरं धुरकट होती, जुन्या छापील अंकावरून उतरवलेली. उत्तरेकडच्या मैदानी मुलखातलं, नॉर्वेहून आलेलं एक कुटुंब. खुणांचे अर्थ. आणि शेवटी: कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही ठिकाणी भावंडांचा क्रम बदललेला आहे.

तिने ते पुन्हा वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून वाचलं. क्रम बदललेला आहे. म्हणजे डावा गोल थोरलीचाच असं नाही. तिच्या छातीवरचं काहीतरी एकदम उठलं, इतकं एकदम की तिला हसू आलं. श्वास आत गेला तो पार पोटापर्यंत गेला. तिला भूक लागली. आणि त्या भुकेबरोबरच, शब्दांत, अगदी स्पष्ट, तिच्या मनात आलं: मग व्हर्ना असेल. व्हर्ना असू दे.

असं मनात येऊ शकतं हे तिला माहीत नव्हतं. ती त्या वाक्याकडे बघत राहिली आणि मघापेक्षा जास्त घाबरली. व्हर्ना, जिने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं. आता मन थांबेना. एकदा असू दे म्हटल्यावर ते पुरावे गोळा करायला निघालं, मघाचेच हात, फक्त दुसऱ्या दिशेला. चर्चच्या पायऱ्या. हो, चर्चच्या पायऱ्या! व्हर्ना लहानपणी बर्फाच्या ढिगांवरून पळायची, कुंपणाच्या वरच्या दांडीवरून चालून दाखवायची. आणि मग कुठल्याशा एका हिवाळ्यापासून ती अर्डिसचा दंड धरायला लागली. नाताळला अर्डिस नॉर्बीला आली की व्हर्ना गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला यायची, हात अडकवायची, आणि चर्चच्या दारापर्यंत सोडायची नाही. पकड अशी की रात्री कपडे बदलताना दंडावर बोटांच्या खुणा दिसायच्या. अर्डिसला त्याचा जरा रागच यायचा. बाळंतपणानंतर भित्री झाली, वजन वाढलंय, असं ती मनात म्हणायची. हल्ली तर पार्किंगमध्ये सपाट जागेवरही धरते. दर पानगळीत फार्गोला येऊन अर्डिसच्या खिडक्यांना थंडी अडवणाऱ्या जादा काचा बसवून जायचा हट्टही तिचाच. शिडीवर स्वतः चढते, अर्डिसला खाली उभं करते आणि म्हणते, तू नुसतं बघ. पण शिडीचं तिने आत्ता मनावर घेतलं नाही. तिला पकडच आठवत राहिली. तोल जाणारं माणूसच एवढं घट्ट धरतं. बिचारीला स्वतःला कळलंही नसेल. आणि व्हर्ना शाळेची बस चालवते. हे आठवलं तशी अर्डिस उभी राहिली. पिवळी बस, गोठलेले रस्ते, आत चाळीसएक पोरं, आणि स्टिअरिंगवर ते हात.

"जेवायला जाताय ना?" मेव्हिसबाईंनी विचारलं.

"फोन करायचाय," अर्डिस म्हणाली. मेव्हिसबाईंनी कोणाला ते विचारलं नाही. डब्यातला पावाचा एक तुकडा रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला, आणि सफरचंदाशेजारी तो तिच्या पिशवीत गेला.

बाहेर ऊन होतं, झाडं फुलांनी भरलेली, लोक कोट काढून गवतावर बसलेले. अर्डिस बाकावर बसली. दुपारची फेरी असेल का आत्ता? बस चालवत असताना फोन वाजला आणि तिने उचलला तर? फोन धरलेला हात तिने दुसऱ्या हाताने धरला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.

"कोण? अर्डिस? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तू बसमध्ये आहेस का?"

"बसमध्येच, पण उभ्या. ब्रेक्केच्या धाकटीने सकाळी मागच्या सीटवर ओकून ठेवलंय, ते धुतेय. काय झालं? रविवारशिवाय तू फोनवर पैसे घालत नाहीस, आणि तेही मी केला तर बोलतेस."

"काही नाही. कशी आहेस विचारावं म्हटलं." अर्डिस म्हणाली. "चालताना वगैरे बरं वाटतं ना तुला? म्हणजे तोल वगैरे?"

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. व्हर्ना कुठेतरी बसली असावी, सीटचं रेक्झिन कुरकुरलं. "तिथे काय शिकवताहेत तुम्हाला?"

"जनुकं शोधायला."

"हं. मग ती आकृती सापडली असेल. गोल नि चौकोन."

"तुला कशी माहीत?"

"आईकडे होती. छापून आल्यावर डॉक्टरने तिला पाठवली. तिला काय कळणार? मला म्हणाली, बघ गं, ह्यात आपण आहोत म्हणे, मी कोणतं ते सांग. मी बघत बसले. पोटात एरिक होता तेव्हा, सातवा महिना. दोन गोल आणि एकाच्या पोटात ठिपका. पहिल्यांदा मला वाटलं, डावीकडचा म्हणजे तू. मग खालचं वाचलं. मग वाटलं, मी."

खालचं वाचलं. बस चालवणाऱ्या व्हर्नाने खालचं वाचलं होतं. अर्डिसला त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती. "मग?"

"मग डॉक्टरला लिहिलं. माझ्या पोटात पोर होतं, मी काय करणार होते? गेले शहरात, पुन्हा रक्त दिलं, त्यांनी समोर बसवून सांगितलं."

"काय सांगितलं?"

"अर्डिस." व्हर्नाचा आवाज लहानपणी अंधारात ती पलंगाखालून हाक मारायची तसा आला. "तू विचारतेयस का? नीट सांग हं मला. मी आपणहून बोलणार नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. डॉक्टरनेही बजावलं होतं, ज्याचं त्याने विचारायचं. पण तू विचारलंस तर सांगेन. इतकी वर्षं वाट बघितली, दर नाताळला वाटायचं, आता विचारेल. तू आपली पुस्तकांबद्दल बोलायचीस."

गवतावर कोणीतरी खळखळून हसलं. अर्डिसला उठून जावंसं वाटलं. फोन बंद करता आला असता. म्हणता आलं असतं की तास सुरू झाला, रविवारी बोलू. तेवढ्यावर आणखी कितीतरी वर्षं काढता आली असती. तिला इतकं भय वाटत होतं की दात एकमेकांवर वाजत होते, भर उन्हात. आणि तरी तिला त्या बसचं स्टिअरिंग दिसत होतं, त्यावरचे व्हर्नाचे हात दिसत होते, आणि ते हात थरथरत आहेत की नाहीत एवढंच तिला हवं होतं.

"विचारते," ती म्हणाली. "सांग."

"माझं कोरं आलं."

अर्डिसला शिडी आठवली: वर चढलेली व्हर्ना, तोंडात खिळे, दोन्ही हात सुटे, काच पेलून धरलेली, आणि खाली आपण, नुसतं बघणारे. चर्चच्या पायऱ्या आठवल्या. गाडीला वळसा घालून लगबगीने येणारे तिचे बूट आठवले, बर्फावर एकदाही न घसरलेले.

"तू माझा दंड धरायचीस," अर्डिस म्हणाली.

"धरणारच की."

"मला वाटायचं तू घाबरतेस."

"घाबरतच होते." व्हर्नाने नाक ओढलं. "रागावलीस का? रागाव. मी असते तर रागावले असते. थोबाडीत मारली असती."

"नाही."

"हात दुखायचा का गं तुझा? मला कळायचं नाही किती जोर लागतो ते."

"नाही," अर्डिस म्हणाली. "दुखायचा नाही."

"बरं, शुक्रवारी विमान उतरलं की मी येतेच आहे न्यायला. इथे काल पुन्हा गारठलंय, विमानतळाच्या पार्किंगमध्ये बर्फाची नुसती काच झालीय. ऐकतेयस? सामान घेऊन शहाणपणा करत एकटी बाहेर पडू नकोस. दारातच उभी राहा. मी येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही."

अर्डिसने आपल्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय गवतावर होते, सपाट, एकमेकांना लागून.

"थांबते," ती म्हणाली. "तू ये."